आवडाबाईची पाखरमूठ

"पाखरं काय सारा भरतात का?"

पुंजारामचा आवाज अंगणातून गोठ्यात आला आणि शेण भरणाऱ्या आवडानं पाटी तशीच खाली ठेवली. चौदा वर्षांची नवी सून. लग्नाला दोन महिने झाले होते आणि सासू-सासऱ्यांचं भांडण ऐकायची ही तिची पहिलीच संधी. ती कुडाच्या फटीला कान लावून उभी राहिली.

पोलीस ॲक्शन होऊन दोन-अडीच वर्षं उलटली होती. बोरवाडी खुलताबादच्या डोंगराखाली, वैजापूरच्या रस्त्यापासून आत. निजामाचं राज्य गेल्याचा तिथं फरक एवढाच पडला होता, की लोक आधी ज्याला घाबरायचे त्याला आता मोकळ्या तोंडानं शिव्या द्यायचे. पुंजाराम त्यात सगळ्यांच्या पुढं.

"निजाम गेला, त्याचे वसुलीवाले गेले. आता ही पाखरं राहिली वसुलीला," तो म्हणाला. "मूठ मूठ म्हणून तू पसाभर उधळती. दर साली बघतो मी."

"बघता ना? मग बघत बसा," सारजाबाई म्हणाली. सासूचा आवाज कधी चढायचा नाही, म्हणून तो जास्त लागायचा. "वसुलीवाला घिऊन जायचा आन पुन्हा तोंड दाखवायचा नाय. पाखरू खातं आन इथंच राबतं. उद्या ज्वारीवर अळी आली तर कोण खाईल? तुम्ही?"

"मी कशाला अळ्या खाऊ?"

"तेच म्हणते मी. तुमच्यानं व्हायचं नाय ते. ज्याच्यानं व्हतं त्याला मूठभर टाकू द्या."

आवडाला हसू आवरेना. तोंडात पदर कोंबला तरी खुसकन आवाज झालाच. सारजाबाई गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली. आवडाला वाटलं, आता बसते एक. सासू म्हणाली, "हसता येतं तसं टाकताही येत असंल. हात धू अन् चल. यंदाची मूठ तू टाकायची."

त्या गावाची रीत अशी होती, की पेरणीचं बी ओटीत घेतलं की त्यातली पहिली मूठ बांधावर पाखरांसाठी टाकायची. मगच बी मातीत. तिला पाखरमूठ म्हणायचे. बाईनंच टाकायची. पुरुषांनी टाकली तर ती कमी भरते, असं सारजाबाईचं मत होतं आणि पुंजारामकडं बघून ते कुणालाही पटलं असतं.

त्या साली आवडानं मूठ टाकली, नंतर तिफणीमागं चालून बीही सोडलं. पुढं बैल ओढतात, मागं बाई चालते आणि ओटीतलं बी मुठीमुठीनं चाड्यात सोडते. चाडं म्हणजे तिफणीवरची लाकडी वाटी, तिच्या खालून नळ्या जमिनीत. मूठ सैल सुटली तर बी दाटीवाटीनं पडतं, आवळली गेली तर ओळीत टक्कल पडतं. आवडाची मूठ न सैल, न आवळ. पीक वर आलं तेव्हा ओळी बघायला शेजारच्या शिवारातली माणसं आली. पुंजाराम त्यांना म्हणाला, "आमच्या सुनेचा हात." सासूचं नाव त्यानं घेतलं नाही, आणि पाखरांचं तर नाहीच.

पुढं पंधरा-सोळा वर्षांत आवडाची आवडाबाई झाली आणि तिच्या हाताला गावात नाव झालं. अंगावर दागिना नाही, माहेर गरिबीचं, नवरा बद्रीनाथ इतका मवाळ की बैलही त्याचं ऐकायचं की नाही ते विचार करून ठरवायचे. पण मृग लागला की बारा घरांतून आवडाबाईला नारळ यायचा, खण यायचा. तिनं पाखरमूठ टाकून पहिली ओळ पेरल्याशिवाय त्या घरांची तिफण पुढं सरकत नसे. सरपंच आप्पासाहेब तर तिला न्यायला बैलगाडी पाठवायचे. त्यांचं शेत तिच्या दारापासून दोनशे पावलांवर. ती गाडी जुंपेपर्यंत बाई चालत जाऊन पेरून परत आली असती. पण मान होता. एवढा एकच होता तिच्याजवळ, आणि तिला तो आवडायचा. ती तो लपवायचीही नाही.

मग गावात हायब्रीड आलं. साल एकोणसत्तर असेल.

आप्पासाहेबांनी औरंगाबादेहून नव्या ज्वारीच्या गोण्या आणल्या. उंचीला कमी, कणीस मोठं, असं ऐकत होते सगळे. बी मात्र कुणी न पाहिलेलं, गुलाबी रंगाचं. वर पावडर चोळलेली. गोणीवर इंग्रजीत मजकूर आणि त्याच्याखाली माणसाची कवटी, मागं दोन हाडं आडवी.

हे चित्र काय, यावर चावडीवर दोन दिवस चर्चा झाली. एक म्हणाला, बी चोरणाऱ्याला धाक म्हणून आहे. दुसरा म्हणाला, ज्यानं हे बी काढलं तो साहेब मेला असेल, त्याची आठवण. आप्पासाहेब चौथी शिकलेले, त्यांच्या शब्दाला वजन. त्यांनी गोणी जवळ ओढली, कवटीकडं नीट बघितलं आणि सांगितलं, "हा कंपनीचा शिक्का हाये. असली मालाची खूण. कवटी नसली तर समजा नकली." त्यानंतर लोक कवटी बघून, बोटानं चाचपून गोण्या उचलू लागले.

रिकाम्या गोण्या फुकट कशाला घालवायच्या? कुणी न्हाणीला आडोसा केला, कुणी लेकरांना खाली अंथरल्या.

त्या मृगात आवडाबाईनं बारा शेतांची पहिली ओळ पेरली. हात कोपरापर्यंत गुलाबी झाला. धुतला तरी रंग जाईना.

"काय गं आवडाबाई, दुसरं लगीन केलं का?" आडावर सरूबाईनं टोमणा मारला. ही आप्पासाहेबांची भावजय.

"पहिलंच अजून निभवती मी," आवडाबाई म्हणाली. "तुला हौस असंल तर हात पुढं कर, तुलाबी लावते."

बायका हसल्या. तिचं डोकं मात्र तीन दिवस ठणकत होतं आणि भाकरी थापताना बोटं कापत होती. तिला वाटलं, उन्हाचं असेल.

रीत मोडायची कशी? प्रत्येक शेताच्या बांधावर तिनं पाखरमूठ टाकली होती. तीच गुलाबी. हात जोडले होते वर. एका बांधावर तर म्हणाली होती, "खा बाबांनो, यंदा नवा माल हाये."

चौथ्या दिवशी ती स्वतःच्या बांधावर गेली तेव्हा तिथं होले पडलेले होते. सात-आठ. चिमण्या किती ते मोजायला ती थांबली नाही. एक साळुंकी अजून जिवंत होती, एकाच बाजूनं गोल फिरत होती. पुढं बोरीच्या जाळीत लांडोर पडलेली, पंख अर्धे उघडे. दुपारपर्यंत बातमी आली की आप्पासाहेबांच्या बांधावरही तसंच, ओढ्याकाठी तितरं आणि लाव्हऱ्या, डोंगराच्या अंगाला तीन मोर.

आठवडाभर पाखरं मरत होती. गावाला त्याचं विशेष काही वाटलं नाही. पाखरंच ती. पण मेलेला होला खाऊन आप्पासाहेबांचं मांजर मेलं, तेव्हा चावडी भरली.

मोर मेल्याचं ऐकून औरंगाबादच्या कॉलेजातले एक प्राध्यापक आले, हेमचंद्र त्यांचं नाव. चष्मा, पांढरे बूट, हातात वही. त्यांनी मेलेले मोर मोजले, लांडोरी मोजल्या, होल्यांपाशी आल्यावर थकले. सोबतच्या पुरुषांना ते विचारत होते, पाखरं कधीपासून मरतात, आधी कुठली मेली, कुणी पाहिली. पुरुष उत्तरं देत होते, एकाहून एक ठाम. त्यातल्या एकानंही ती पहिल्या दिवशी पाहिलेली नव्हती. बांधावर पहाटे जातात बायका.

"मानमोडी दिसते," प्राध्यापक म्हणाले. "कोंबड्यांना होते ना, तसाच रोग."

"व्हय व्हय, मानमोडीच," आप्पासाहेब म्हणाले. "माना मोडल्यात बघा ना."

आवडाबाई मागं उभी होती. तिच्या हातात पुरचुंडी होती. सकाळी तिनं विळ्यानं आपल्या बांधावर नुकत्याच मेलेल्या लांडोरीच्या गळ्याची पिशवी कापली होती, जिथं पाखरू आधी दाणा साठवतं ती. आत ज्वारी होती, गुलाबी. मूठभर भरली असती. ते दाणे बघून ती तिथंच बांधावर बसली होती बराच वेळ. दुसरं कुणी टाकलंच नव्हतं तिथं. ही तिचीच मूठ होती, लांडोरीनं जशीच्या तशी परत दिलेली.

ती पुढं झाली. "साहेब, हे बघा. तिच्या गळ्यात निघालं."

"बाई, जरा बाजूला," आप्पासाहेब म्हणाले.

प्राध्यापकांनी रुमालानं पुरचुंडी धरली, नाकापासून लांब नेली, एका बाटलीत टाकली. "कुणी दिलं" असं विचारलं नाही. वहीत मात्र काहीतरी लिहिलं आणि जीपमध्ये बसून गेले.

रोगावर गावाचं समाधान झालं नाही. रोगाला शिव्या देता येत नाहीत. माणूस पाहिजे होता, आणि तो बन्सीच्या रूपानं हाताशी होता. बन्सी फासे लावून तितरं धरायचा आणि औरंगाबादच्या छावणीच्या बाजारात नेऊन विकायचा. घरदार ओढ्याच्या पलीकडं, मागं पुढं कुणी नाही. चावडीवर ठरलं की यानंच दाण्याला विष लावलं, एकदम सगळी पाखरं धरायला. उद्या फौजदाराच्या हवाली करायचा.

"अहो, मेलेलं तितर छावणीत कोण घेतं?" बन्सी रडकुंडीला येऊन म्हणत होता. "जित्तं पाहिजे तिथं. मी माझ्याच पोटावर पाय देईन का?"

एवढं साधं होतं. पण चावडीवर तेवढं डोकं कुणी चालवत नव्हतं.

आवडाबाई घरी भाकरी करत होती. बद्रीनाथनं येऊन सांगितलं, बन्सीला चावडीच्या खांबाशी बसवलंय. तिनं तवा उतरवला. पदर डोक्यावरून पुढं ओढला.

"कुठं चालली?"

"चावडीवर."

"बायका जात नाहीत तिथं."

"म्हणूनच तिथं अशी अक्कल पिकते," ती म्हणाली आणि गेली.

तिला ठाऊक होतं काय जाणार ते. सांगितलं की आपला हात गेला. पुढच्या मृगाला नारळ नाही, खण नाही, गाडी नाही. वाटेत तिचे पाय दोनदा मंदावले. बन्सी काही तिचा कुणी नव्हता. एकदा त्यानं तिच्या पोराला तितराचं पिल्लू आणून दिलं होतं, तेवढंच.

"बन्सीनं काही केलं नाय," ती चावडीच्या पायरीवर उभी राहून म्हणाली. "पाखरं माझ्या हातानं मेली. मी पाखरमूठ टाकली, ती ह्या नव्या गुलाबी बियाची. तेच लांडोरीच्या गळ्यात निघालं. पावडरीत विष हाये. माझा हात अजून कापतो, बघा." तिनं हात पुढं केला.

सगळे हाताकडं बघत राहिले. गोणीकडं कुणीच बघितलं नाही. ती तिथंच अंथरलेली होती, कवटी वर करून, आणि आप्पासाहेब तिच्यावर मांडी घालून बसले होते.

"बियात विष असतं तर उगवलं असतं का?" आप्पासाहेब म्हणाले. "शेतं तर हिरवीगार हायेत."

"बी उगवतं, पाखरू मरतं. दोन्ही व्हतं एकदम."

"हे तुला कुणी शिकवलं?"

"लांडोरीनं."

एक-दोघं हसले. मग कुणीतरी मागून म्हणालं, "आवडाबाई खरंच सांगती. तिचाच हात. हाताचं यश गेलं तिच्या. बाधला हात." आणि ते सगळ्यांना पटलं. गोणीवर कवटी छापलेली, दाणा गुलाबी, मांजर मेलेलं, आणि गावातली चार शहाणी डोकी एकत्र बसून या निर्णयाला आली, की बाईच्या तळव्यातून विष पाझरतं.

बन्सी सुटला. दुसऱ्या आठवड्यात तो गाव सोडून छावणीकडं गेला, कारण फासे लावायला तितर उरलं नव्हतं. जाताना तिच्या दाराशी थांबला. "वहिनी, तुमचं नुकसान झालं माझ्यापायी."

"तुझ्यापायी नाय रे. माझ्या मुठीपायी झालं. तू जेवून जा."

रात्रीच्या भाकरीला बद्रीनाथ इतकंच म्हणाला, "बोलली नसती तर चाललं असतं."

"तुमचं चाललं असतं," ती म्हणाली.

श्रावण लागता लागता अळी आली. आधी बांधालगत, मग आत. लष्करी अळी म्हणतात तिला, ते नाव बरोबर आहे, ती रांगेनं येते. दुपारी शेताच्या कडेला उभं राहिलं तर करकर आवाज ऐकू यायचा, शंभर जनावरं एकदम चघळत असल्यासारखा. पानांच्या शिरा राहिल्या, बाकी गेलं. दर साली पाखरांचे थवे यायचे अळ्या टिपायला, साळुंक्या तिफणीमागूनच चालायच्या. यंदा आभाळ रिकामं होतं. होता तो एक कावळा, तोही आप्पासाहेबांच्या कौलावर बसून राहायचा.

पुंजाराम आता सत्तरीच्या पुढं गेला होता. सारजाबाई जाऊन सहा वर्षं झाली होती. त्याला काठी धरून शेतावर नेलं. तो बांधावर बसला, ज्वारीच्या त्या खरवडलेल्या ताटांकडं बघत राहिला. मग पुटपुटला, "सारजे, वसुलीवाले आले गं."

आवडाबाईनं तोंड फिरवलं. सासऱ्याला चूक कबूल करायला अठरा वर्षं लागली आणि ऐकायला सासू नव्हती. पण त्यानं केली तरी. बाकीच्यांनी काय केलं? औरंगाबादेहून आणखी पावडर आणली आणि अळीवर उधळली.

पुढच्या मृगाला आप्पासाहेबांनी चाडं सरूबाईच्या हाती दिलं. शुभ हात, सात लेकरांची आई. हात बदलला, बी तेच. सरूबाईनं थाटात मूठ टाकली आणि जी थोडी पाखरं शिल्लक होती तीही मेली. आता तरी गाव गोणीकडं बघेल? छे! ठरलं असं, की आवडाबाईची नजर लागली.

पेरणीच्या त्या दिवशी आवडाबाईला नारळ आला नाही. ती दारात बसून समोरच्या वाटेनं गाडी जाताना बघत होती. गाडीत सरूबाई बसली होती, ताठ. आवडाबाई उठली, कणगीतून जुन्या ज्वारीचा पसा घेतला, घरची, बिनपावडरीची, पदराला गाठ मारून बांधली आणि सरळ शेताकडं निघाली. एकेका बांधावर चिमूट चिमूट टाकत गेली. आणि जिथं तिफण वळताना गुलाबी दाणे वर सांडले होते, तिथं तिथं वाकून पायानं माती लोटून दाबले. बारा शेतं. दुपार झाली. पुरुष बघत होते आणि म्हणत होते, बाई करणी करती.

तिसऱ्या वर्षी सरूबाई आली. मागच्या दारानं, आणि इकडंतिकडं बघत.

"माझाबी हात कापतो गं आवडाबाई," ती म्हणाली. "कुणाला सांगू नको."

"मी सांगितलं होतं की. चावडीवर. भर चावडीत."

"मला काय माहीत? मला तर दीर म्हणाले, कवटी म्हणजे असली माल."

आवडाबाईनं तिला घरच्या ज्वारीची पुरचुंडी बांधून दिली. हाताला फडकं गुंडाळायला सांगितलं, वर सांडलेलं बी झाकायला सांगितलं. त्यानंतर एकेक करून सगळ्या घरांच्या बायका मागच्या दारानं आल्या. पुढच्या दारानं एकही आली नाही. गावाच्या पुरुषांच्या लेखी आवडाबाईचा हात बाधलेला तो बाधलेलाच. लग्नात ओटी भरायला तिला बोलवायचे नाहीत. हळद लावायला नाहीत. ती जायची, मांडवाच्या कडेला बसायची, जेवायची, स्वयंपाकाला नावं ठेवायची आणि परत यायची. घरी आल्यावर कधी कधी स्वतःचा उजवा तळवा उघडून बघत बसायची. चुलीपुढं, एकटीच.

अशी चौदा वर्षं गेली.

मग तिच्या घरात सून आली, आशा. औरंगाबादला मावशीकडं राहून बारावी झालेली. गावात अंगणवाडी सुरू झाली तेव्हा शिकलेली बाई दुसरी कुणी नव्हती, म्हणून ती आशाला मिळाली, आणि जागा दुसरी नव्हती, म्हणून ती जुन्या चावडीत भरू लागली. चावडीच्या भिंतीवर देवांचे फोटो होते, एक बंद घड्याळ होतं आणि चौकटीत काचेखाली एक इंग्रजी कागद होता. खाली गोल शिक्का, निळा.

हा कागद सत्तर साली टपालानं आला होता, सरपंचांच्या नावानं. आप्पासाहेबांनी उलटासुलटा करून बघितला, शिक्का बघितला आणि गावाला सांगितलं की सरकारनं आपल्या गावाचा गौरव केलाय. खुलताबादेहून चौकट करून आणली. दर दिवाळीला काच पुसली जायची. पाहुण्यांना दाखवायचे.

आशानं पहिल्याच दिवशी पोरांना बसवता बसवता तो वाचला. पोरांना लवकर सोडलं आणि धावत घरी आली.

"आत्या, तुमचा हात चांगला हाये!"

"हाये की. आत्ताच भाकरी केली."

"तसं नाय. चावडीत लिहिलंय." आशानं कागद वहीत उतरवून आणला होता. ती मराठी करत वाचू लागली. कॉलेजातल्या हेमचंद्र प्राध्यापकांनी पाठवलेला तो निकाल होता. पाखरांत रोग सापडला नाही. बियाला लावलेल्या पावडरीनं ती मेली. पावडरीचं नाव इतकं लांब की आशाला मध्ये दोनदा श्वास घ्यावा लागला. असं बी उघड्यावर टाकू नये, हातानं हाताळू नये, गावाला ताबडतोब समज द्यावी. आणि शेवटी, हे सर्व एका स्थानिक स्त्रीनं दिलेल्या दाण्यांच्या तपासणीवरून सिद्ध झालं.

"एका स्थानिक स्त्रीनं," आवडाबाई म्हणाली. "नाव विचारलं असतं तर त्याच्या वहीतली जागा सरली असती."

"त्यांनी इंग्रजीत का लिहिलं, आत्या? मराठी येत होतं ना त्यांना?"

"येत होतं. आप्पासाहेब मला बाजूला हो म्हणाले तेव्हा मराठीतच ऐकत होते ते."

ती हसली नाही. तशीच उठली, पदर पुढं ओढला आणि दुसऱ्यांदा चावडीची पायरी चढली. यावेळी आशा मागं. संध्याकाळची बैठक भरलेली. आप्पासाहेब आता म्हातारे, कानाला हात लावून ऐकायचे. त्यांच्या डोक्याच्या बरोबर वर ती चौकट.

आशानं मोठ्यानं वाचलं. मग मराठीत वाचलं. मग आप्पासाहेबांसाठी परत एकदा, ओरडून.

दोघातिघांनी माना वर करून चौकटीकडं बघितलं.

"चौदा वर्सं," आवडाबाई म्हणाली. "चौदा वर्सं माझा निकाल तुमच्या डोक्यावर टांगलेला व्हता, आन तुम्ही खाली बसून विड्या ओढत मला नावं ठेवीत व्हता. काचबी पुसली वर."

आप्पासाहेबांनी घसा साफ केला. "मग? आम्ही लपवला का? आम्हीच तर लावला ना भिंतीवर! चांगली चौकट करून लावला."

आवडाबाईला पहिल्यांदा हसू आलं, तेच कुडामागचं, खुसकन फुटणारं. ती पदर तोंडाशी धरून हसली, आशा हसली, आणि मग खांबाशी बसलेला बद्रीनाथही हसला. तो एकटाच पुरुष. त्यासाठी तिनं त्याला बरंच माफ केलं.

त्या मृगाला आप्पासाहेबांकडून गाडी आली. नारळ, खण, वर एक टॉवेल. गाडीवान म्हणाला, सरपंचांनी चाडं धरायला बोलावलंय, मानानं.

"त्यांना सांग," आवडाबाई म्हणाली, "माझा हात आता पाखरांकडं लागलाय. तिथं मला कुणी गाडी पाठवत नाय, पण नावंबी ठेवत नाय." नारळ ठेवून घेतला. चांगला नारळ परत कशाला पाठवायचा? खण सरूबाईला दिला. टॉवेल बद्रीनाथनं डोक्याला बांधला.

गाव काही पूर्ण शहाणं झालं नाही. चौकट उतरवली मात्र लगेच, दुसऱ्याच दिवशी. म्हणाले, भिंतीला चुना द्यायचाय. त्या जागी कसलंसं प्रमाणपत्र लागलं, तेही इंग्रजीत. हायब्रीडच्या मागून कपाशी आली, तिच्या मागून आणखी काही, आणि बी कधी गुलाबी, कधी निळं, कधी हिरवं. कवटी बारीक होत होत गोणीच्या कोपऱ्यात गेली, आता ती शोधावी लागते. तिफण गेली, ट्रॅक्टर आला, तो वळताना जेवढं बी सांडतो तेवढ्यात पुंजारामनं एक शेत पेरलं असतं. मोर पुन्हा आले, थोडे. होले आले. लाव्हऱ्या मात्र आल्या नाहीत. आवडाबाई कान देऊन ऐकायची दर साली, ओढ्याकडं तोंड करून.

पण बोरवाडीच्या बायका पेरणीच्या दिवशी घरचं बी पदराला बांधून नेत राहिल्या आणि वर सांडलेलं झाकत राहिल्या. कशासाठी, हे नव्या सुनांना सांगता येत नाही. रीत हाये, म्हणतात.

शेवटच्या मृगाला आवडाबाई अडुसष्ट-सत्तरीची होती. बद्रीनाथ गेला होता. छातीत धाप लागायची, आशा एकटीला सोडायला तयार नव्हती.

"आत्या, यंदा मी टाकते. तुम्ही बसा."

"तू टाक की. तुझी येगळी. माझी मी."

कणगी आता नव्हती, पत्र्याचा डबा होता. तिनं त्यातून पसा काढला, सुपात पाखडला, खडे वेचले. पदराला गाठ मारली. सकाळचं ऊन कोवळं होतं. वाटेत दोनदा बसली, एकदा आप्पासाहेबांच्या नातवाच्या ट्रॅक्टरला थांबवून त्याला सुनावलं की वळणावर बी सांडतो, डोळे काय पाठीला लावलेत का. तो "व्हय आजी" म्हणाला आणि तसाच सांडत पुढं गेला.

बांधावर पोचल्यावर तिनं गाठ सोडली. ट्रॅक्टरच्या वळणावर निळे दाणे पडले होते. आधी ते पायानं माती लोटून दाबले, एकेक, कुठं राहिले का ते वाकून बघत. मग उजव्या हातात ज्वारी घेतली. मूठ न सैल, न आवळ. टाकली.

बोरीवरून एक होला उतरला, मान वाकडी करून तिच्याकडं बघू लागला, जवळ येईना.

"खा रे," आवडाबाई म्हणाली. "घरची हाये. मी बघितलीय."

आणि पदर झटकून ती घराकडं वळली.